पंखवाल्या

सकाळी सातला घमेल्यात पाणी,
पाण्यात चिमूटभर साबणाची पूड.
घमेलं पिवळंच लागते, कॉलेजच्या सरांनी बजावलं,
मावा पिवळ्यावर भुलतो.
भिवापूरच्या अलीकडे, रोडच्या डाव्या अंगाला
जयवंता गोंडाणेचं वावर, त्यात मिरचीची आठ तासं,
आणि रोजीवर मी, मोजणारी.
ब्रशच्या टोकानं एकेक उचलायची, भिंगाखाली धरायची,
पंख दिसले की वहीत रेघ.
पाच रेघांची जुडी.

बिनपंखाच्या पाण्यात येतच नाहीत.
पानाच्या पाठीशी सोंड रुतवून बसतात,
पोटात लेक, लेकीच्या पोटात नात,
नवऱ्याचा पत्ता नाही.
"बरं हाय बाप्पा यायचं," जयवंता म्हणाली
आणि निंदायला वाकली.

तिसऱ्या तासातलं सातवं झाड दिवाळीनंतर बिघडलं.
पान चपलेच्या वादीएवढं अरुंद,
हिरव्यावर पिवळी ठिगळं.
गावात सगळ्यालाच बोकड्या म्हणतात.
त्याच्या आत जे शिरलं ते माझ्या भिंगात मावत नाही,
म्हणजे उलटं, इतकं मावते की दिसत नाही.
जिवंत म्हणायचं का, इथं सरही अडखळतात.
तरी त्याला शेजारच्या तासात जायचं असते.
जायचं असते, हेही माझं बोलणं.
त्याला काही वाटत नसेल.

पण झाडाचा वास तो बदलतो.
आजारी झाड धडधाकट झाडापेक्षा जास्त दरवळते,
आपल्या नाकाला नाही, तिच्या मिशांना.
ती उतरते, सोंड टेकवते, एक घोट घेते,
आणि चव बिघडलेली.
फोडणीचा वास गल्लीभर
आणि ताटात वरण कच्चं, तसं काहीतरी.
मिनिटभरात उठते.
सोंडेच्या टोकाला जेवढं लागलं
तेवढं पुढच्या झाडाला पुरते.

"मंग थे बिमार नाई पडत?" जयवंताची सून रंजू विचारते.
थांबली तर उपाशी राहते, लेकी कमी होतात.
म्हणून तर उडते.
बटाट्यातला वेगळा, सर सांगत होते.
तो झाड गोड करतो, तिला बसवून घेतो,
पोटात उतरतो आणि जन्मभर राहतो.
मग जिला काल आजारी पानाची ओढ होती
तिला आज निरोगी पान हवं होते.
रंजू खुरपं थांबवून म्हणाली,
"मंग ओढ कोनाची म्हनायची?"
मला सांगता आलं नाही. वहीत तसा रकाना नाही.

गुरुवारी जयवंतानं ते झाड मुळासकट उपटलं,
बांधावर फेकलं, हात पदराला पुसले.
दुपारपर्यंत पानं सुकली.
मी एक उलटून पाहिलं,
बिनपंखाच्या चार-दोन अजून चिकटलेल्या,
बाकी पाठ रिकामी.
वारा गुलाब नन्नावऱ्याच्या वावराकडे होता.

शुक्रवारी घमेल्यात आठ जुड्या आणि एक रेघ.
रोज बाराच्या वर जात नव्हत्या.
गुलाबभाऊ बांधावरून विचारतो, किती भेटल्या?
एक्केचाळीस.
"बऱ्याच मेल्या म्हनजे," तो खूश झाला,
बिडी शिलगावली, मिरचीकडे गेला.
त्याची मिरची आत्ताशी फुलावर आलेली.
घमेल्यात पडल्या नाहीत त्यांची रेघ नसते,
हे सांगायला तोंड उघडलं
तोवर त्यानं मोटर चालू केली होती.

संध्याकाळी त्याच्याच धुऱ्यानं घरी आले.
ओढणी काढून खुंटीला लावताना दिसली,
पिवळ्या ओढणीवर, काठापासून बोटभर आत,
पंख मिटून एक.
फुंकायला ओठ गोल केले,
आणि दारातून सांदवाडीतली वांगी दिसली.